अकराशे चाळीस जोड

काळा दिवा लावला आणि जाळीवर मला बोट दिसलं.

पूर्ण बोट नव्हे, नुसतं टोक. हरभऱ्याएवढा डाग, फिकट निळसर चमकणारा. साध्या उजेडात तो दिसला नसता. काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील उजेडात, मात्र माणसाच्या कातडीचं तेल लपत नाही, म्हणून तर तो दिवा आमच्याकडे होता. मी दिवा बंद केला, डोळे मिटून बसले, पुन्हा लावला. बोट तिथेच. तक्त्यावर मी ‘नापास’ लिहिलं, खाली माझा सात नंबरचा शिक्का मारला, आणि मग माझ्या डोक्यात आलं की हे बोट कुणाचं असणार. त्या जाळीला हात लावणारं माणूस आमच्याकडे एकच होतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, घाटगेसाहेबांच्या लहानशा वर्कशॉपमध्ये तपासनीस होते. अवकाशयानांच्या इंधनाच्या टाकीत बसवायची चाळणी आम्ही बनवत असू. गिऱ्हाईकाचं नाव बाहेर सांगायचं नाही असा करार होता, तो मी अजून पाळते.

‘यानाची चाळणी’ म्हटलं की घरच्यांना हसू यायचं. वर जाऊन पीठ चाळतात का, असं माझ्या मामाने भर पंगतीत विचारलं होतं. मग मी जेवण थांबवून समजावत बसायची. खाली जमिनीवर टाकीतलं इंधन मुकाट तळाशी बसतं. वर गेल्यावर वजनच उरत नाही, मग तळ कुठला आणि माथा कुठला? इंधन टाकीभर गोळे होऊन तरंगतं आणि मधल्या जागेत ते ढकलायला भरलेला वायू असतो. इंजिन सुरू झालं आणि नळीच्या तोंडाशी नेमका वायू आला, तर इंजिन उचकी देऊन बंद पडतं. म्हणून तोंडाशी चाळणी. तिची भोकं केसापेक्षा सहा-सात पट बारीक. इंधनाने ती एकदा भिजली की इंधनाला वाट देते आणि वायूला अडवते. ओला रुमाल नाकातोंडावर घट्ट धरून श्वास घ्यायला जा, म्हणजे कळेल. पण रुमालावर तेलाचा डाग असेल तर तेवढी जागा भिजत नाही आणि हवा तिथूनच घुसते. एवढं ऐकून मामा म्हणाला, “म्हणजे शेवटी चाळणीच की.”

ही चाळणी जोडायच्या हौसाक्का तिवले. हुपरीच्या. हुपरी हे चांदीचं गाव, तिथे घरोघरी बायका पैंजणांना घुंगरू जोडतात. आक्कांनी ते काम वयाच्या आठव्या वर्षापासून केलेलं. चाळणीची जाळी इतकी नाजूक की आमच्याकडचे दोन पदवीधर ती जोडण्याऐवजी जाळत सुटले होते. घाटगेसाहेब कुणाच्या तरी सांगण्यावरून हुपरीला गेले आणि चौथी शिकलेल्या ह्या बाईंना त्यांच्या सोप्यातून, म्हणजे घरच्या ओसरीवरून, थेट स्वच्छ खोलीत घेऊन आले. स्वच्छ खोली म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, टोपी, मुखपट्टी, हातमोजे. आक्कांनी नऊवारीवरून तो झगा चढवला आणि दहा वर्षांत एकही चाळणी परत आली नाही. कोल्हापूरकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलत. मी वेंगुर्ल्याची, पहिले काही दिवस दचकायची.

डाग सापडला त्याच्या आठ-दहा दिवस आधी जेवणाच्या सुट्टीत आक्का माझ्या बाकावर येऊन बसल्या होत्या. एरवी त्या माझ्यापासून जरा लांबच असत. सगळेच असत. मी त्या वयात भयंकर होते, नियमांचं पुस्तक मला आरतीसारखं पाठ होतं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “ही आत्ताची चाळणी कुटं जायाची?”

“लांब. एका ग्रहाकडे. पोचायला दहा महिने.”

“दहा महिने इंजन चालू?”

“नाही हो. रॉकेट एकदा जोरात ढकलून देतं आणि गळून पडतं. मग यान नुसतं जात राहतं. इंजिन सगळं मिळून तासभरसुद्धा चालत नाही.”

“कुणी न ढकलता जातंय?”

“अडवायला वाटेत काहीच नाही ना. हवा नाही, रस्ता नाही.”

आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. “मग तेल कशाला न्यायचं येवढं?”

“थांबायला. ग्रह जवळ आला की यान उलटं फिरवायचं, इंजिनाचं तोंड पुढे करायचं आणि चोवीस मिनिटं जाळायचं. तेव्हा कुठे वेग कमी होतो आणि ग्रह त्याला धरून ठेवतो. चालायला खर्च नाही, थांबायलाच खर्च.”

“आणि तवाच आपली चाळणी कामाची.”

“हो. दहा महिने तरंगलेलं इंधन त्या चोवीस मिनिटांत नीट यायला हवं.”

“न्हाई आलं तर?”

“तर यान ग्रहाच्या जवळून निघून जाईल. परत आणता येत नाही.”

त्यांनी मान हलवली, डबा बंद केला आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून आत गेल्या.

तर डाग सापडला त्या दिवशी मी तक्ता घेऊन स्वच्छ खोलीत गेले. आक्का वेल्डिंगच्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, जणू कुणाची वाट बघत.

“आक्का, उजवा हात दाखवा.”

त्यांनी दाखवला. हातमोज्याच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक कापलेलं होतं. फाटलेलं नव्हे, कात्रीने गोल, नीट कापलेलं.

“हे काय आहे?”

“हातमोज्यातनं जोड कळत न्हाई, मॅडम.”

“जोड डोळ्यांनी बघायचे असतात. सूक्ष्मदर्शक कशाला दिलाय?”

त्यांनी हात पुन्हा मांडीवर ठेवला. मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, “डोळ्याम्होरं मदोमद काळं डबकं पडलंय. कडंचं दिसतंय तेवडं. तुमच्याकडं बघितलं तर मला तुमचं कान दिसत्यात. डावा डोळा आधी गेला. उजवा दिवाळीपास्नं.”

“डॉक्टर?”

“मिरजंला दावून आलो. जे गेलं ते येत न्हाई म्हणाला.”

मला राग आला होता, तो कुठे ठेवावा हे कळेना. पाच आठवड्यांचं काम वाया गेलं होतं. तेल जाळीच्या दोन पदरांच्या मध्ये शिरलं की धुऊन निघत नाही, त्यामुळे चाळणी अख्खी बाद. नवी करायला पुन्हा पाच आठवडे, आणि गिऱ्हाईकाला टाकी बंद करायला दिवस उरले होते एकवीस. टाकीनंतरची कामं आधीच दाटीवाटीने लावलेली होती, आणि ग्रह कुणासाठी थांबत नाही. उड्डाणाची वेळ चुकली तर पुढची सव्वादोन वर्षांनी.

घाटगेसाहेब आले. तक्ता वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, “परुळेकर, कारणाच्या रकान्यात हातमोजा फाटला असं लिही.”

“फाटला नाही साहेब, कापलाय.”

“अगं, डोळ्यांचं लिहिलं तर आक्कांना उद्यापासून टेबलावर बसवता येणार नाही.”

“बसवायचंही नाही,” मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

साहेब आक्कांकडे बघत होते. आक्का म्हणाल्या, “मॅडम बरोबर बोलत्यात. खरं काय ते लिव्हा.”

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं, हे आठवून मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आल्या त्या झगा परत करायला. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता, वर कपाटाची किल्ली. साहेब ऑफिसात फोनवर गिऱ्हाईकाला काहीतरी सांगत होते आणि समोरून काहीतरी ऐकून घेत होते. आक्का दाराशी उभ्या. उंबरा कुठे आहे ते त्यांनी आधी पायाने चाचपलं. ती चप्पल पुढेमागे होताना मी पाहिली. रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होते की माझं काहीही चुकलेलं नाही. चुकलेलं नव्हतंच. तरी रडू यायचं ते आलंच.

“साहेब,” मी म्हणाले, “हात आक्कांचे आहेत ना अजून? डोळे माझे घ्या.”

“म्हणजे?”

“मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शेजारी बसते. वेल्डिंगच्या सुईचं टोक कुठे आहे ते मी सांगते, हात त्या हलवतील. ठिणगी पाडायची पायाखालची कळ मी दाबते. नव्या हातमोज्यांत, नियमाने. आणि गिऱ्हाईकाला कळवा, चाळणी दोघींनी अशी जोडली म्हणून. लपवायचं नाही.”

साहेबांनी फोन खाली ठेवला. “जो जोडतो तो तपासत नाही. हा नियम तूच मला दोनदा ऐकवलायस. तुझा शिक्का मला परत घ्यावा लागेल, आणि परत घेतलेला नंबर आपल्याकडे पुन्हा देत नाहीत. पुढच्या महिन्यात तुला मुख्य तपासनीस करायचं ठरलंय, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. वेंगुर्ल्याला आईने शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं. मी खिशातून शिक्का काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. आक्कांना तो दिसला नसणार. लाकडावर वाजलेला मात्र ऐकू आला, कारण त्यांनी मान तिकडे वळवली.

सोळा दिवस, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, एकही सुट्टी न घेता आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो.

पहिल्या दिवशी तीन जोड झाले आणि त्यातले दोन मीच बिघडवले. मी “जरा डावीकडे” म्हणायची आणि आक्का कुठल्या कुठे जायच्या. “जरा म्हंजी केवडं?” त्यांनी विचारलं. मग आम्ही माप ठरवलं, एक केस. अर्धा केस, पाव केस. “डावीकडे अर्धा केस, पुढे पाव, बस्स.” चौथ्या दिवसापासून मी “बस्स” म्हणायच्या आधीच त्यांचा हात थांबू लागला.

“दमानं,” त्या मला सांगायच्या. “श्वास सोड, मंग दाब. घेतलेल्या श्वासानं हात हलतोय.” मॅडमची वैजू मी नेमकी कधी झाले ते मला आठवत नाही. सहाव्या दिवशी झालेले होते एवढं खरं.

चहाला आम्ही बाहेर कट्ट्यावर बसायचो. त्या हुपरीचं सांगायच्या. लहानपणी आईने त्यांना डोळे बांधून घुंगरू जोडायला लावलं होतं, दिवा गेला तरी काम थांबू नये म्हणून. मी त्यांना वेंगुर्ल्याचं सांगायची. एकदा मी विचारलं, “घाबरलात का हो, डोळे गेल्याचं कळल्यावर?”

“लई,” त्या म्हणाल्या. “सुनंला सांगायच्या आदी परसात जाऊन रडून आलो. मंग भांडी घासली.”

एकंदर जोड अकराशे चाळीस. शेवटचा सोळाव्या दिवशी दुपारी साडेतीनला झाला. मी “बस्स” म्हणाले, कळ दाबली, बारीक ठिणगी उडाली, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. काळ्या दिव्याखाली चाळणी साहेबांनी तपासली. गिऱ्हाईकाचा माणूस विमानाने आला, त्याने दोन दिवस एकेक जोड बघितला आणि सही केली. मला तेव्हा दिव्याच्या खोलीत जाता येत नव्हतं. मी बाहेर उभी होते, नखं खात.

त्याच संध्याकाळी आक्का काम सोडून कायमच्या हुपरीला गेल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला.

नंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. हुपरी काही लांब नाही, तरी नाही गेले. नव्या चाळणीत त्यांचा हात होता हे खरं, पण त्यांचं टेबल सुटलं ते माझ्या तक्त्यामुळे, माझ्या त्या चांगल्या अक्षरामुळे. भेटून काय बोलायचं ते सुचत नसे. साहेबांनी आक्कांच्या टेबलावर मलाच बसवलं, दुसरं कोण होतं? मी जोडायला शिकत होते आणि दहातले सहा जोड बाद करून घेत होते.

यान जोडण्यात आणि तपासण्यात वीस महिने गेले, वाटेत दहा. चाळणी गेल्यापासून अडीच वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता साहेबांना फोन आला. ते ऑफिसातून बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. इंजिन पूर्ण चोवीस मिनिटं चाललं होतं. एकदाही अडखळलं नव्हतं. यान ग्रहाभोवती फिरू लागलं होतं. साहेबांनी पेढे मागवले. ते येईपर्यंत मी थांबले नाही, नाक्यावर जाऊन माणसं कोंबून नेणाऱ्या हुपरीच्या वडापच्या जीपमध्ये बसले.

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर परातीत घुंगरू होते आणि त्या चाचपून लहानमोठे वेगळे करत होत्या. केस पांढरे झाले होते.

“कोण?”

“मी. वैजयंती.”

“वैजू व्हय. बस. आता कानबी दिसत न्हाईत बघ.”

मी शेजारी बसले. “आक्का, यान थांबलं. आज सकाळी. पूर्ण चोवीस मिनिटं इंजिन चाललं.”

त्यांचा हात परातीत थांबला. “उचकी?”

“एकही नाही.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं, मग डोळे पुसले. आतून सून पाणी घेऊन आली, तिला म्हणाल्या, “आमचं पोचलं गं.” सुनेने बरं म्हणून तांब्या ठेवला.

पाणी पिऊन मी जे बोलायला आले होते ते बोलून टाकलं. “मी इतके दिवस आले नाही, आक्का. धीर झाला नाही. माझ्यामुळे तुमचं काम सुटलं.”

“तुज्यामुळं?” आक्का हसल्या. “येडी का काय तू. तो डाग मी मुद्दाम लावलोता.”

“मुद्दाम?” मी म्हणाले.

“साहेबास्नी मी दोनदा सांगितलं, दिसत न्हाई म्हणून. ते म्हणाले, आक्का, तुमची बोटंच बघत्यात. चांगला माणूस हाय, पण ऐकत न्हाई. त्या चाळणीतलं आतल्या पदराचं जोड मी निम्मं अंदाजानं मारलेलं. तपासून सुटलं असतं, वर उडताना तुटलं असतं. आतलं जोड तुज्या दिव्याला दिसत न्हाईत. डाग दिसतोय.”

“मला सांगायचं होतंत.”

“तुला सांगितलं असतं तर तुला माजी दया आली असती. आनि दया आलेल्या माणसाचा शिक्का काय कामाचा? साहेबांनी सांभाळून घेतलं असतं, सगळ्यांनीच घेतलं असतं. तू येकटी घेणार न्हाईस, हे मला ठाऊक हुतं. थांबायला मला कुणीतरी पायजे हुतं, वैजू. आपल्या आपण हुईना.”

अडीच वर्षं जे ओझं म्हणून वागवलं, ते त्यांनी विश्वासाने माझ्या हातात दिलेलं होतं.

“शिक्का सोडशील असं मातूर वाटलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. “त्याचं लई वाईट वाटलं मला. दुसरा मिळाला का?”

“मी मागितला नाही. तुमच्या टेबलावर बसते मी आता.”

“खरं?”

“जोडते. अजूनही दहातले सहा बाद होतात.”

“हात आण.”

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या बोटांची टोकं एकेक करून दाबून बघितली. अंगठ्याजवळचं बोट त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“ही बोटं हुकूम करत्यात,” त्या म्हणाल्या. “जाळीला इचारत न्हाईत. म्हणून बाद हुतंय. रवीवारी मोकळी असतीस?”

“असते.”

“मंग जाळीचं तुकडं घेऊन ये. हातमोजं नको आणू.”

त्या रविवारी मी गेले. आणि पुढची नऊ वर्षं, त्या होत्या तोवर, दर रविवारी जात राहिले.